हातभर खिळा

हिवरेवाडीच्या चौकात नवा फ्लेक्स लागला की गाव आधी खालची ओळ वाचतं. खाली ‘शुभेच्छुक’ असेल तर कुणाचा तरी वाढदिवस, आणि ‘शोकाकुल’ असेल तर कुणीतरी गेलं. तिसऱ्या प्रकारचा फ्लेक्स गावाने कधी बघितलाच नव्हता. तो आणायचं राजश्रीच्या नशिबी आलं आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

राजश्री गावचीच. बबनराव आणि चांगुणाबाईंची थोरली लेक. शिरूरच्या कॉलेजात शिकली आणि पुण्यातल्या एका प्राणीहक्क संस्थेत नोकरीला लागली. शिरूर-दौंड भागात फिरून लोकांना पराणी सोडायला सांगायची, हे तिचं काम. पराणी म्हणजे बैल हाकायची बांबूची काठी. तिच्या टोकाला तासून टोकदार केलेला खिळा ठोकलेला असतो, त्याला आर म्हणतात. बैल रेंगाळला की आर टोचायची. राजश्री गावोगाव जाऊन समजावायची, लोक माना डोलवायचे, चहा पाजायचे, आणि ती फाट्यापर्यंत पोचायच्या आत पुन्हा टोचायला लागायचे.

यात एक गोष्ट तिने ऑफिसात कुणाला सांगितली नव्हती. ज्या आरेविरुद्ध ती दोन तालुके पालथे घालत होती, ती तिच्या स्वतःच्या घराच्या वळचणीला खोचलेली होती. पाखऱ्या नावाच्या त्यांच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर मसुराएवढे काळे डाग होते, आणि ते काही डासांनी पाडले नव्हते.

आता बबनराव दुष्ट होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. हौशा आणि पाखऱ्या या बैलजोडीला वैरण घातल्याशिवाय त्यांनी कधी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच, आणि त्यातलं पहिलंच शील जीवाला इजा न करण्याचं. राजश्रीने एकदा चाचरत विषय काढला होता, तर ते खोखो हसले. “अगं येडे, मी टोचतो कुठं? नुसती लावतो. लावल्याबिगर त्याला कसं कळायचं?” त्यांच्या हसण्यात इतका निर्मळपणा होता की पुढं काय बोलावं हे तिला सुचेना. ती गप्प बसली, आणि गप्प बसल्याची टोचणी मात्र तिला रोज लागत राहिली. बापाच्या हातातली ती काठी सुटावी, आणि सुटताना बाप दुखावू नये, एवढंच तिला हवं होतं.

मे महिन्यात प्रांजल मॅडमनी नवी टूम काढली. प्रांजल मॅडम म्हणजे तिच्या संस्थेतल्या जाहिरातीच्या प्रमुख, राहणार कोथरूड. “राजश्री, समजावून काही होत नाही. लोकांना हादरवायला हवं,” त्या म्हणाल्या. त्यांनी फोटो निवडला तो खरोखरच बघवत नव्हता. रस्त्यात कोसळलेला बैल, पाठीवर रक्ताचे ओघळ, पांढरे झालेले डोळे. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘याचा गुन्हा काय?’

राजश्रीला ते पटलं नव्हतं. पण आबा, म्हणजे तिचे वडील, रोज त्या चौकातूनच शेतावर जातात, तेव्हा बघतील तरी, या आशेने ती हो म्हणाली.

चौक ग्रामपंचायतीचा, म्हणजे परवानगी सरपंचांची. आनंदराव सरपंच खुशीने तयार झाले. “लावा की. फकस्त खाली माझा एक फोटो टाका.”

“पण आप्पा, हा तसला फ्लेक्स न्हाई,” राजश्री म्हणाली.

“कसला बी असू दे. माझा फोटो न्हाई असा फ्लेक्स या चौकात लागला, तर लोक म्हणत्याल आप्पा संपला. इलेक्शन तोंडावर हाय पोरी.”

प्रांजल मॅडमनी कपाळाला हात लावला, पण जागा दुसरी नव्हती. शिरूरला एसटी डेपोसमोर सतीशचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आनंदरावांचा एकच फोटो होता, पांढऱ्या कपड्यांतला, हात जोडलेला. वाढदिवस असो, दिवाळी असो की दहावा असो, तोच जायचा. तोच याही फ्लेक्सवर गेला. वर मेलेला बैल, खाली हात जोडून गंभीर उभे आनंदराव. गावाने एकदा बघितलं आणि काय समजायचं ते समजलं.

सकाळी फ्लेक्सला झेंडूचा हार लागला. त्यानंतर कुणीतरी उदबत्ती लावून गेलं. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि दुपारच्या आत आनंदरावांची बहीण सोजराबाई दौंडहून जीप करून दोन जावांना घेऊन हजर झाली. संगे पिठलं-भाकरीचं टोपलं, कारण दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. दारातूनच तिने गळा काढला, “आनंदा, कवा गेला रं? आन् मला कळवलं बी न्हाईस!”

आनंदरावांच्या दावणीला गेली दहा वर्षं बैल नव्हता, ट्रॅक्टर होता. पण बहीण एवढ्या लांबून रडत आलेली, तिला तोंडघशी कसं पाडायचं? ते मुकाट्याने पिठलं-भाकरी जेवले. तिखट बरं होतं म्हणाले.

प्रांजल मॅडम दुसऱ्या दिवशी पुण्याहून बघायला आल्या तेव्हा चौकातली चार माणसं टोप्या काढून फ्लेक्ससमोर उभी होती. “लई गुणी जनावर असंल,” एकजण म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली, बैलाला हैक केलं आणि आर लावली. समोरच्या मिसळवाल्याने मॅडमना गाठून हात जोडले. “मॅडम, ह्याच्यापुढं बसून कुणी रस्सा वरपीना झालंय. उतरवा की.”

त्याच दुपारी बबनराव गाडी घेऊन आले. राजश्री चौकातच होती. ते खाली उतरले, फ्लेक्सपुढं उभे राहिले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. “कोण राक्षस असंल गं हा? असल्या माणसाला तुरुंगात टाकाया पायजे,” ते म्हणाले. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, गाडीवर चढले, आणि पाखऱ्याच्या पुठ्ठ्याला आर लावून निघून गेले. राजश्रीला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिला रडूच आलं.

“मॅडम,” ती चहा पिताना म्हणाली, “त्या फोटोत सगळ्यांना बैल दिसला. सगळ्यांना राक्षस बी दिसला. पण तो दुसरा कुणीतरी.”

प्रांजल मॅडमनी कप खाली ठेवला. “मी कॉलेजात असताना असाच एक फोटो बघितला होता,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून मटण सोडलं. आजवर परत खाल्लं नाही. मग माझ्यावर कसा चालला?” मॅडम खोटं बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. कुणीतरी तो कांद्याच्या चाळीवर टाकायला मागून नेला.

मग आला एक जून. हिवरेवाडीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती आणि गुरुजींना सगळ्यांसाठी एकच तारीख सोपी पडली. त्या आठवड्यात सतीशला जेवायला फुरसत नसते. बबनरावांना यंदा साठी लागत होती. आजवर त्यांचा फ्लेक्स कधी लागला नव्हता, पण दुसऱ्याचा लागला की ते खाली उभे राहून शेवटच्या नावापर्यंत वाचत. “जित्तेपणी एकदा चौकात लागावं माणसानं,” असं ते चांगुणाबाईंना म्हणाले होते, आणि चांगुणाबाईंनी ते लेकीच्या कानावर घातलं होतं.

राजश्रीने मोबाइलवर फोटो काढला. मधे बबनराव, धुतलेला सदरा, निळं उपरणं. उजव्या हाताला हौशा, डाव्या हाताला पाखऱ्या. फोटो सुरेख आला. दोन्ही बैलांनीसुद्धा मान वर करून बघितलं होतं. ती तो घेऊन शिरूरला सतीशकडं गेली.

सतीशने फोटो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि थांबला. बबनरावांच्या हातात पराणी होती. फोटो काढताना ती राजश्रीच्या लक्षातही आली नव्हती, जशी बापाच्या हाताची बोटं लक्षात येत नाहीत. आता पडद्यावर आर लखलखत होती, टोक वर करून, पाखऱ्याच्या पुठ्ठ्याशेजारी.

“ताई, फ्लेक्स दहा फुटी हाय. हा खिळा हातभर दिसंल,” सतीश म्हणाला. “पुसू का? दोन मिनिटांचं काम हाय. लोक समदं पुसून घेत्यात. टक्कल, ढेरी, सुरकुत्या. आनंदआप्पांची ढेरी मीच दर साली पुसतो.”

राजश्रीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. हो म्हटलं असतं तर वाढदिवस गोड झाला असता, आबा खूश झाले असते, आणि खिळा वळचणीला तसाच राहिला असता. नाही म्हटलं तर भर चौकात, साठीच्या दिवशी, पोटच्या पोरीने बापाला उघडं पाडलं असं झालं असतं. ज्या माणसाने आपल्याला सायकलवर बसवून कॉलेजला पोचवलं, त्याचा आयुष्यातला एकुलता एक फ्लेक्स!

“राहू दे,” ती म्हणाली. “हाय तसाच राहू दे.”

एक जूनला फ्लेक्स लागला. ‘कष्टाळू शेतकरी, आमचे लाडके आबा’ आणि खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक फोटो, त्यात हात जोडलेले आनंदराव होतेच. सकाळी बबनराव सहा वेळा चौकात जाऊन आले. मिसळवाल्याने फुकट मिसळ दिली. संध्याकाळी तिथंच केक कापला, चांगुणाबाईंनी लाजत लाजत नवऱ्याला भरवला. बबनराव लहान मुलासारखे हसत होते. राजश्रीला वाटलं, कुणालाच दिसला नाही वाटतं. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात आनंदराव केकचं बोट चाटत म्हणाले, “काय बबनराव, शिकारीला निघालाय का काय? हातात भालाच हाय की!”

सगळे हसले. बबनरावही हसले आणि त्यांनी वर बघितलं. तो फोटो त्यांनी दिवसभर बघितला होता, पण त्यात स्वतःचं तोंड, उपरणं आणि बैलांचा डौलच बघितला होता. आता त्यांना तो खिळा दिसला. खरोखरच हातभर होता. टोकाला उन्हाची तिरीप पडली होती, आणि त्याच्या शेजारी पाखऱ्याच्या पुठ्ठ्यावरचे मसुराएवढे डाग फ्लेक्सवर रुपयाएवढे झाले होते. ते बघत राहिले. हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला होता.

घरी आल्यावर ते ताटावरून लवकर उठले. “तूच केलंस न्हवं?” चांगुणाबाईंनी चुलीपुढं हळूच विचारलं. राजश्रीने मान हलवली. “मग आता सोस,” आई म्हणाली, आणि वर तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

सकाळी राजश्री उठून बाहेर आली तेव्हा बबनराव गोठ्यापुढं उकिडवे बसले होते. पराणी गुडघ्यावर आडवी होती आणि हातात पक्कड.

“आबा,” ती म्हणाली, “सतीश खिळा पुसून देत व्हता. मीच नको म्हणलं.”

“म्हाईत हाय.” त्यांनी वर बघितलं नाही. “जो आनंदआप्पाची ढेरी पुसतो, त्याला माझा खिळा दिसला नसंल व्हय?”

“राग आलाय?”

“आला. लई आला.” त्यांनी पक्कड खिळ्याला लावली. “तुझा आला, सतीशचा आला, आप्पाचा आला. मग म्हणलं, हात तर माझाच हाय.” त्यांनी पक्कड घट्ट आवळली. “सतीशला फोन लाव. म्हणावं, दुसरा फ्लेक्स काढ, खिळ्याबिगर.”

“तो तर फोटोतला पुसून दोन मिनिटांत देईल की, आबा. ह्यो काढायची काय...”

“चौकात खोटं लावायचं न्हाई,” बबनराव म्हणाले आणि त्यांनी ओढला.

खिळा सहजी निघेना. वर्षानुवर्षं बांबूत रुतलेला, गंजलेला. त्यांनी काठी पायाखाली धरली, दात आवळून पिळला, आणि शेवटी तो करकरत बाहेर आला. राजश्रीचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं तसं तिला वाटलं आणि ती मोठ्याने हसली. बबनरावही हसले. मोकळी काठी घेऊन ते ऐटीत उठले आणि पाखऱ्याला दाखवायला म्हणून त्याच्याजवळ गेले.

पाखऱ्याने काठी बघितली आणि अंग चोरून दावं ताणेपर्यंत मागं सरकला.

बबनराव जागीच थांबले. त्यांनी काठी मागं घेतली, पुन्हा हळूच पुढं केली, पाखऱ्या पुन्हा सरकला. त्यांनी काठी खाली टाकली आणि लेकीकडं बघितलं. कालचं हसू गेलं तसं हेही गेलं होतं, पण आता तोंडावर राग नव्हता.

“राजे,” ते म्हणाले, “तू समद्यांना समजावत फिरतीस. ह्याला कसं सांगायचं गं, काढला म्हणून?”