राखलेला शेंडा

घरात थोरल्या दिराने एकदा ‘ठरलं’ म्हटलं की धाकट्या भावजयीने मान डोलवायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. १९३१ सालच्या उन्हाळ्यात खेडजवळच्या एका वाडीत मैनेच्या दिराने, महिपतने, असंच ठरवून टाकलं. घरामागच्या उतारावरची ऐन-किंजळीची झाडं कोळशाच्या व्यापाऱ्याला द्यायची. झाडं घरच्या मालकीची, मैनेचा नवरा मुंबईला गिरणीत. विचारणार कोण?

मैनेने विचारलं. त्या उताराच्या पायथ्याशी झरा होता आणि वैशाखात सारी वाडी त्याच झऱ्यावर जगायची. शेजारच्या वाडीने डोंगर बोडका केला, तसा तिथला झरा आटला. तिथल्या बायका आता हंडे घेऊन इकडे येत होत्या.

महिपत वाईट माणूस नव्हे. आदल्या वर्षी कशेडी घाटापलीकडच्या सरकारी रानात सत्याग्रह झाला, तेव्हा तो कायदा मोडून तुरुंगात जाऊन आला होता. व्यापारी मोठा बेरकी. त्याने खादीची टोपी चढवली आणि नेमकी तीच नस धरली. सरकार रानाला कुलूप घालतं, तर आपल्या मालकीची झाडं आपण बेधडक तोडायची, हेच खरं स्वराज्य! झालं. तेव्हापासून जो झऱ्याचं नाव काढील तो सरकारचा माणूस ठरू लागला. मैनेला तर पाणवठ्यावर बायका ‘सायबाची सून’ म्हणू लागल्या, आणि म्हणताना घागरी मात्र त्याच झऱ्यात बुडवत होत्या. मैना घरी येऊन रडली, पण रडून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती.

देवळापुढे गाव बसला, तेव्हा ती बायकांतून उठून पुढे आली आणि उतार तोडू नका म्हणाली. पोलीस पाटील खुशीत आले. बाई शहाणी आहे, सरकारचंही हेच म्हणणं आहे, असं ते बोलून गेले. सभेत हशा पिकला. मैना आधी त्यांच्याकडेच वळली.

“पाटीलबाबा, मला तुमच्यात ओढू नका. सरकारनं रान बंद केलं तवा उपाशी मेली ती आमचीच गुरं. सत्याग्रहाला मीपन गेले होते.”

मग ती दिराकडे वळली. “भावोजी, त्या दिवशी तुमी झाडावर कवळ तोडत होता, मी खाली भारे बांधीत होते. सरकारचा कायदा मोडला, पन एका झाडाचा शेंडा आपन तोडला नाय. तो कोनाच्या हुकमानं राखला?”

भाताची रोपं करायची जमीन भाजायला कोकणात झाडाच्या डहाळ्या तोडतात, तीच कवळ. पण शेंडा राखायचा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. ही रीत साहेब येण्याआधीची. महिपतला आठवलं, खाली पोलीस दरडावत असताना एका उतावळ्या गड्याने शेंड्याला कोयता लावला होता, आणि त्याच्यावर वरून खेकसला होता तो महिपतच!

महिपतच्या शेजारी बसलेला व्यापारी हळूच म्हणाला की मालक तुम्ही, बायकांचं काय ऐकता.

“मालक हाय म्हनूनच सांगतो,” महिपत उठून म्हणाला, “उताराला कुऱ्हाड लागायची नाय. आनि पाटील, उद्या तुमचं सरकार तिथं कुंपन घालाया आलं, तर आडवा मीच.”

पाटील आणि व्यापारी, दोघेही एकाच वाटेने निघून गेले.

वाचकहो, झाड तोडावं की राखावं असा वाद निघाला की आपण आधी बोलणाऱ्याची टोपी बघतो. ती कोणत्या गोटातली ते कळलं की आपल्याला वाटतं, वाद मिटला. पण मालकी कागदावर एकट्याची असली तरी उतारावरून येणारं पाणी एकट्याचं नसतं. तेव्हा टोपी नंतर बघा. आधी खाली झऱ्यावर जा, आणि तिथे हंडा घेऊन कोण उभं आहे ते बघा.