कुड्याचा हलवा

कोपरीतल्या गुणाजी कातारीला लाकडातलं सगळं यायचं आणि साखरेतलं ओ की ठो यायचं नाही. पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, काय म्हणाल ते चरकावर कातून द्यायचा. आता ज्याला जे येतं त्यानं ते करावं की नाही? पण नाही! त्या साली पौषात हा बाबा शेगडीपुढे कढई मांडून हलवा करायला बसला. पाक चिकटला, तीळ करपले, वर दोन बोटं भाजून घेतली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तसं कारणही होतं म्हणा. सून मालन हिची ही पहिली संक्रांत. सुनेची पहिली संक्रांत म्हणजे अंगावर काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, आणि ते करायचे सासूनं. पण गुणाजीची लक्ष्मी तीन वर्षांपूर्वीच गेलेली. घरात उरले तो, मुलगा उत्तम आणि ही नवी पोर.

करपल्याच्या वासानं शेजारच्या हौसाबाई धावत आल्या. आळीत कुणाच्या घरी काय रीत पाळायची ते सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे त्यांनीच ते घेतलेलं.

"अहो भावजी, हे काय मांडलंय? मी केले असते दागिने, पण माझ्याच धाकट्या सुनेची पहिली संक्रांत आहे यंदा. कुठं कुठं पुरी पडू?" मग त्यांनी आवाज उतरवला. "मालनच्या आईला झकास येतो म्हणे हलवा. काटा असा फुलतो! पण उपयोग काय? कपाळ पांढरं. त्यांच्या हातचे दागिने सवाष्णीच्या अंगावर कसे घालायचे?"

आवाज उतरवला तरी हौसाबाईंचाच तो. आत मालनला सगळं ऐकू गेलं. त्या गेल्यावर ती दाराशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, दागिने नसले तरी चालतील मला. पण त्या दिवशी आईला बोलवा ना. लग्नातपण ती आतल्या खोलीतच बसलेली. कन्यादान काका-काकूंनी केलं."

या पोरीनं सहा महिन्यांत कधी काही मागितलेलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. आईला बोलवणं सोपं होतं हो, पण ती यायला नको? विमलाबाई डोंबिवलीत भावाकडे राहायच्या. नवरा गेल्यापासून कुणाच्या मंगलकार्याला उंबरा ओलांडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुणाजीनं कढई घासून फळीवर ठेवली आणि कुड्याचं लाकूड काढलं. कुडा म्हणजे आतून दुधासारखा पांढरा, त्याला रंग द्यावा लागत नाही. एका हातानं कमान ओढायची, दुसऱ्या हातानं आणि पायाच्या अंगठ्यानं पटाशी धरायची. त्याच्या बापानं सावंतवाडीत शिकवलेली ही रीत. ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक मणी कातायचा, टोकानं त्याला हलव्यासारखा काटा काढायचा, भोक पाडायचं. बिंदी, बाजूबंद, तन्मणी, बांगड्या, नथ. सगळ्याचे मणी निराळे. निम्मे फुटायचे. फुटला की गुणाजी चरकाला शिवी द्यायचा आणि नवा घ्यायचा. शेवटी केवड्याच्या पानानं घासून त्यानं त्यांना अशी झिलई आणली की उत्तमनं चक्क एक तोंडात टाकला.

"अरे गाढवा, लाकूड आहे ते!"

पण ओवायचं कोणी? त्या जाड बोटांत सुई धरवत नव्हती. खरं सांगायचं तर त्यानं फारसा प्रयत्नही केला नाही. मणी डब्यात भरले आणि सरळ डोंबिवली गाठली.

विमलाबाईंनी डबा उघडला, मणी तळहातावर घेतले. डोळे क्षणभर लकाकले. मग काय करायचंय ते कळल्यावर त्यांनी डबा असा दूर सारला की जणू चटका बसला.

"नको हो व्याहीबुवा. माझ्या हातचं नको. पोरीचं काही वाईट झालं तर?"

गुणाजी चिडला. मुळात तो मवाळ नव्हताच.

"विहीणबाई, माझी बायको मेली. तरी हे मणी मी कातले. सुनेचं वाईट होईल असं मला कोणी म्हणालं? एकानंही म्हटलं नाही! मग माझे हात चांगले आणि तुमचे वाईट, हा कुठला न्याय?"

विमलाबाईंनी डबा पुन्हा पुढ्यात ओढला. मग पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "दोरा पांढरा घेऊ की रुपेरी?"

"तुम्हीच ठरवा. आणि संक्रांतीला घेऊन तुम्हीच या. वाटेत माझ्या हातून तुटायचे."

संक्रांतीला त्या आल्या खऱ्या, पण मागच्या दारानं. डबा मालनच्या हाती दिला आणि चुलीपुढे गूळपोळ्या लाटत बसल्या. बाहेरच्या खोलीत बायका जमल्या, पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. पुरुषमाणसाचं तिथं काय काम? गुणाजी पडवीत खांबाला टेकून बसला. तिथून त्याला दोन्ही खोल्या दिसत होत्या.

"आण गं दागिने, सजवू दे तुला," हौसाबाईंनी हाक मारली.

मालननं डबा उचलला आणि पाटाकडे न येता ती स्वयंपाकघरात शिरली. आईसमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"आई, तू घाल."

"वेडी का तू? बाहेर सवाष्णी बसल्यात, मालन. ऊठ."

"तू घातलेस तर घालीन. नाही तर हा डबा असाच राहील."

बाहेरची कुजबुज थांबली. विमलाबाईंचे हात पिठाचे. त्यांनी ते पदराला पुसले, बाजूबंद बांधला, तन्मणी घातला. बिंदी लावताना डोळ्यांत इतकं पाणी आलं की त्यांना काही दिसेना.

तेवढ्यात हौसाबाई उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गुणाजीही उठला. ही बाई आता एक शब्द जरी वाकडा बोलली तर तिला सगळ्यांदेखत घराबाहेर काढायचं, हे त्यानं ठरवून टाकलं.

हौसाबाई मायलेकींकडे बघत राहिल्या. हातातली हळदीकुंकवाची कोयरी त्यांनी उगाच या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "विमलाबाई, बिंदी तिरकी बसलीय. मला मेलीला जवळचं दिसत नाही. तुम्हीच सरळ करा, आम्ही थांबतो."

आणि त्या परत जाऊन बसल्या.

विमलाबाईंनी बिंदी सरळ केली. मग मालनची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि त्या बघतच राहिल्या.

"लग्नात तुला धड पाहिलंच नव्हतं गं मी," त्या म्हणाल्या.