तांबडीची पिशवी

चौसाळ्याच्या फाट्यापाशी दूधसंघानं चारा छावणी टाकली होती. तिथं धुळाजीची तांबडी गाय रवंथ करायची थांबली आणि तिची डावी कूस फुगून टम्म झाली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, मागून हात घालून बराच वेळ आत चाचपलं आणि घाईघाईत सांगून टाकलं, "गाभण आहे, सातवा महिना. पण पिशवी काढावी लागणार, आजच. नाहीतर गाय जाते." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

परत येतात तो धुळाजीची बायको सारजाबाई दावं सोडून गाईला ओढत निघालेली.

"अगं ए, कुठं निघालीस?" धुळाजी ओरडला.

"घरी. मरायचीच आसंल तर धड मरू दे."

धुळाजीला काही उमजेना. बाईची पिशवी काढतात हे त्याला ठाऊक होतं; ऊसतोडीच्या टोळीत न काढलेली बाईच शोधावी लागे. पण गाईची? त्यानं संघाच्या चेअरमनकडे, सुंदररावांकडे पाहिलं. एखादी गोष्ट सुंदररावांना माहीत नाही असं कधी घडलेलं नव्हतं. निदान त्यांनी ते कुणाला कळू दिलेलं नव्हतं.

"काढतेत की," सुंदरराव म्हणाले. "नवीन तंत्र हाय. वासरू मग काचेच्या भांड्यात वाढवतेत. पुण्याकडं सर्रास."

"आन् गाय?"

"गाय मोकळी. दूध देत ऱ्हाती."

"वासरावाचून दूध?" सारजाबाई थांबली. "चेअरमनसाहेब, संघात पानी घातलेलं चालतं. गाईत न्हाई चालत."

डॉक्टर मधे पडले. "बाई, ऐका. ती पिशवी तिच्या काही कामाची नाही."

"कामाची न्हाई? मग वासरू कुठं ऱ्हातंय, तुमच्या खिशात?"

"वासराचा इथं काय संबंध?"

"शिकाऊ दिसतंय," सुंदरराव धुळाजीच्या कानात पुटपुटले.

सारजाबाईचा आवाज खाली आला. "मला बी एक डॉक्टर असंच बोल्लाता. कामाची न्हाई, काढून टाक, न्हाईतर जीव जाईल. काढली. तवाधरनं हाडं ठणकत्यात, झोप न्हाई. हिची मी काढू द्यायची न्हाई."

आत्ता कुठं डॉक्टरांना घोळ कळला. ते कुंपणाशी गेले आणि बाभळीच्या काट्यात अडकलेली एक फाटकी कॅरीबॅग ओढून आणली.

"ही. असली पिशवी म्हणतोय मी. चाऱ्याबरोबर गिळलीय तिनं. कोठीपोटात, म्हणजे आधी चारा साठतो त्या कप्प्यात, गोळा झालाय."

सगळे त्या कॅरीबॅगकडे बघत बसले.

"म्हंजे वासरू ह्याच्यात?" धुळाजीनं विचारलं.

"नाही हो! कोठीपोट डावीकडं, गर्भाची पिशवी उजवीकडं सरकलेली. ह्या वाटेचं त्या वाटेला जात नाही. आणि गाईचं पोटच चार कप्प्यांचं."

"चार?" धुळाजीनं कपाळाला हात लावला. "आमी एक भरता भरता मेलो की ओ."

सारजाबाईला सगळं पटलं नव्हतं. एका अंगात दोन पिशव्या, एक ठेवायची, एक काढायची. आणि काढणारा माणूस पुन्हा डॉक्टरच. पण तांबडीचा श्वास आता अडखळत होता. फुगलेलं पोट छातीला दाबतंय, एवढं तिला दिसत होतं.

"मी उजव्या कुशीला बसते, हात लावून," ती म्हणाली. "तुमचा हात हिकडं आला तर मी धरीन."

"धरा," डॉक्टर म्हणाले.

डाव्या कुशीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, चीर घेतली. कोपरापर्यंत हात आत गेला आणि बाहेर यायला लागलं: पिशव्या, सुतळी, आणखी पिशव्या. एक दुधाची निघाली, संघाच्या नावाची. "बनावट आसंल," सुंदरराव लगोलग म्हणाले.

तेवढ्यात सारजाबाईच्या तळव्याखाली काहीतरी हाललं.

"डॉक्टर, हे काय हाललं?"

"श्वास असेल. किंवा पोट सैल होत असेल. थांबा, हात मोकळा झाला की बघतो."

सारजाबाईनं स्वतःचा श्वास रोखला, आपली धडधड मधे यायला नको म्हणून. गाईची कूस फुगली, बसली, पुन्हा फुगली. आणि बसता बसता, त्या तालाला सोडून, आतून एक ढुशी आली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वासरू हाय. हे मला कुनी सांगायचं काम न्हाई."