सव्वीस नंबरचा वाफा

बुधवारी दुपारी मुलांनी बागेतली पहिली भाजी घरी नेली आणि गुरुवारी सकाळी नगरपालिकेचं पत्र आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती.

शाळांची बाग मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. एप्रिल उजाडला की आसपासच्या चार शाळांतली दहा वर्षांची मुलं येतात. प्रत्येकाला एकेक वाफा मिळतो आणि त्यावर त्याच्या नावाची पाटी लागते. पेरायचं, निंदायचं, काढायचं, आणि शेवटी बागेतल्या शेडमध्ये स्वतः शिजवून खायचं. पहिल्या दिवशी गांडूळ पाहून किंचाळणारी मुलं जूनमध्ये तेच गांडूळ तळहातावर घेऊन मला दाखवायला आणतात.

पत्रात लिहिलं होतं की बागेच्या कडेनं जाणाऱ्या चरापलीकडे नव्या घरांसाठी पाया खणताना मातीत शिसं सापडलं आहे. तिथे पूर्वी रंग दळायची गिरणी होती, तिचा गाळ आसपास टाकला गेला असावा. बागेचीही माती तपासली जाईल. अहवाल येईपर्यंत बागेतलं काहीही कुणी खाऊ नये; विशेषतः लहान मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी.

हार्मेन, बागेतली जड कामं करणारा माझा सोबती, खांद्यावरून वाचत होता. "धुऊन घेतलं तरी नाही?" त्यानं विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर यिक्के उभी राहिली होती.

आदल्या दिवशी यिक्केनं आपल्या सव्वीस नंबरच्या वाफ्यातला सगळा पालक उपटला होता, एक पान मागे ठेवलं नव्हतं. "बाई, माझ्या आईला काही गोडच लागत नाहीये," ती म्हणाली होती. "बाळ पोटात लाथा मारतं म्हणते. मी तिला सूप करून घालणार. एकटीनं! कांदा परतायला येतो ना मला." तिच्या आईला सातवा महिना होता. कृती मीच कागदावर लिहून दिली आणि वर म्हटलं, "रोज थोडं थोडं दे. बाळ बघ कसं टवटवीत होईल."

गुरुवारी मी तिच्या आईला फोन लावायला दोनदा घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शाळा सगळ्या पालकांना कळवणारच होत्या. अजून नक्की काहीच नाही, उगाच कशाला घाबरवायचं, असं मी स्वतःला समजावत राहिले. शुक्रवारी कळलं, मजकूर मंजूर व्हायचा आहे, शाळांचं पत्र सोमवारी जाईल. मी पुन्हा फोन हातात घेतला आणि झारी भरायला निघून गेले.

मुलं फाटकाबाहेर जमली होती. आत सोडणार नाही म्हटल्यावर इलियास जाळीला नाक लावून म्हणाला, "बाई, गोगलगायींना सांगितलंत का? त्या तर आत बसून खातायत!" सगळी हसली. त्यांच्यात यिक्के नव्हती. हल्ली शाळा सुटली की ती थेट घरी पळते, असं कुणीतरी म्हणालं. आईसाठी स्वयंपाक करायचा असतो ना.

शनिवारी सकाळी मी सायकल काढली.

दार यिक्केनंच उघडलं. अंगात मोठ्या माणसाचा एप्रन, पायापर्यंत आलेला. "बाई! या ना आत. आजचं सूप कालच्यापेक्षा भारी झालंय."

तिची आई लिडवाय टेबलाशी बसली होती. समोर वाडगा, अर्धा रिकामा. चमचा तिच्या हातातच होता.

"ते खाऊ नका," मी म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मग सगळं सांगितलं. सांगताना माझंच मला ऐकू येत होतं, किती वेळा मी 'कदाचित' म्हणतेय ते. लिडवायनं चमचा हळूच खाली ठेवला आणि एकच विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी. सकाळी."

"आज शनिवार आहे."

"हो."

यिक्केनं गॅस बंद केला. "शिसं म्हणजे काय, आई?"

"एक धातू असतो. पोटात गेला तर बरा नाही."

"म्हणजे विष?"

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे मी आईला विष घातलं?"

"तू नाही गं, यिक्के. तू काहीच—"

"मीच घातलं. तीन दिवस. नको म्हणाली तरी मीच 'अजून एक घास, अजून एक घास' करत बसले." एप्रनच्या नाड्या तिला सुटेनात. शेवटी तशीच ती जिना चढून वर गेली आणि वरचं दार आपटलं.

लिडवाय पोटावर हात ठेवून बसून होती. "तुम्ही जा आता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

गरोदरपणात तपासणी करणाऱ्या सुईणीनं लिडवायचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. बागेतली माती घेऊन माणसं गेली. पुढचे दहा दिवस मी बागेत नुसती फिरत होते. जे कुणी खायचं नव्हतं त्यातलं तण उपटत होते, उपटलेल्या जागी पुन्हा बघत होते. वाटाण्याच्या शेंगा फुगल्या, मग निबर झाल्या. मुळे जमिनीतच तडकले. हार्मेन म्हणाला, "अगं बस की जरा! तण उपटून अहवाल लवकर येणार आहे का?" मी बसले आणि दोन मिनिटांत उठले. लिडवायला रोज फोन करायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हिल्के, फोन करू नका. कळवायचं असेल तेव्हा मी कळवेन."

तिनं कळवलं नाही. कळलं ते इलियासकडून. जाळीतून त्यानं हाक मारली, "बाई! यिक्केच्या आईचं रक्त एकदम चांगलं आलंय! यिक्के वर्गात रडली, आणि मग माझा डबा खाल्ला. सगळा!"

मी फाटकाची जाळी घट्ट धरून उभी राहिले.

बागेचा अहवाल दोन दिवसांनी आला. चराच्या कडेच्या पट्ट्यात शिसं होतं, बारा वाफ्यांमध्ये. बाकी बाग स्वच्छ होती. तीन-चार दिवस खाल्ल्यानं काही होत नाही, वर्षानुवर्षं खाल्लं तर होतं, असं आरोग्य खात्याच्या बाईंनी समजावलं. सव्वीस नंबर त्या बारांत होता.

जुलैत यंत्रं आली. बारा वाफ्यांची माती खरवडून नेली आणि नवी आणून टाकली. नियमानं त्या मुलांची पाळी जूनमध्येच संपली होती. मी हट्ट धरला की त्या बाराजणांना पुन्हा पेरू द्यायचं. सप्टेंबरमध्ये अकरा आली.

बारावी दुसऱ्या आठवड्यात आली, आणि फाटकाबाहेरच थांबली. उन्हाळ्यात उंच झाली होती.

"नव्या मातीचा कागद आहे का?" तिनं विचारलं.

मी आणून दिला. उभ्याउभ्याच ओळीवर बोट ठेवून तिनं तो वाचला. "हा आकडा किती असला तर चालतो?"

मी सांगितलं.

"कुणी मोजलं?"

"प्रयोगशाळेत."

"तुम्ही बघितलं मोजताना?"

"नाही. पण माझा विश्वास आहे."

"तुमचा तेव्हापण विश्वास होता."

माझ्या हातात खुरपं होतं, ते मी उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "यिक्के, मी गुरुवारीच तुमच्याकडे यायला हवं होतं. घाबरले मी."

"कुणाला?"

"तुझ्या आईला. आणि तुलाही."

तिनं मला नीट न्याहाळलं. "मोठी माणसं मुलांना घाबरतात?"

"फार."

कागदाची घडी घालून तिनं तो खिशात टाकला आणि ती फाटकातून आत आली. त्या दिवशी तिनं कुरळ्या कोबीची रोपं लावली, दोन रोपांमधलं अंतर पट्टीनं मोजून.

नोव्हेंबरात थंडी कडक पडली की त्या पानांना गोडी येते. तेव्हा आम्ही शेडमध्ये मोठी पातेली चढवली. मुलांनी बटाटे सोलले, पानं चिरली, दूध-लोणी घालून सगळं एकत्र घोटलं. इलियासचं हलाल सॉसेज वेगळ्या तव्यावर होतं आणि त्याची राखण तो स्वतः करत होता. मुलांचे आई-वडीलही आले होते. लिडवाय बाळाला घेऊन आली, तीन महिन्यांचं, लाल गालांचं. तिनं मला मान हलवून नमस्कार केला, त्यापलीकडे काही नाही.

यिक्केनं पहिली ताटली भरली. लिडवायनं हात पुढे केला.

"थांब," यिक्के म्हणाली. "आधी बाई."

ताटली माझ्यासमोर आली. मी घास घेतला. इतका गरम की जीभ भाजली. यिक्के माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अजून एक."

मी अजून एक घेतला.

"कसंय?"

"मीठ कमी आहे."

"सांगत होतो मी!" इलियास तव्याजवळून ओरडला.

तिनं पातेल्यात मीठ टाकलं, घोटलं, स्वतः चाखलं आणि मगच आईची ताटली भरली. लिडवाय बाळाला खांद्यावर घेऊन एका हातानं जेवली. यिक्के तिच्या खुर्चीमागे उभी राहिली, ती संपवेपर्यंत हलली नाही.

निघताना लिडवाय माझ्याजवळ थांबली. बाळाची टोपी सारखी करत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पुढची तपासणी कधी आहे?"

"मार्चमध्ये."

"अहवाल आला की मला पाठवा. आल्याबरोबर."

"आल्याबरोबर," मी म्हणाले.

तिनं बाळाची गाडी ओल्या वाटेनं पुढे ढकलली. यिक्के अजून शेडमध्ये होती, पातेल्याच्या तळाला लागलेलं खरवडून उभ्याउभ्या खात होती.