एक बेल थांबा, दोन बेल चला

मी एक जुना चिमटा आहे. पापड भाजायचा नव्हे, मित्रांनो, आणि चुलीतले निखारे उचलायचाही नव्हे. मी लाल गाडीतल्या कंडक्टरचा चिमटा. तिकिटाला भोक पाडणारा. लांबीला वीतभर, तोंडात एकच दात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. मी मात्र जर्मनी पाहिलंय.

कसं ते सांगतो. पण आधी थोडं मागचं ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. पहिली आठवण महाडच्या डेपोतली. एका लाकडी खोक्यात आम्ही चाळीसेक भावंडं चकचकत पडलो होतो. एक नवा कंडक्टर आला. खाकी सदरा दोन मापं मोठा, मिशी अजून पातळ. त्याने मला उचललं, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, हा चांगला बोलतो. तो महिपती.

तेव्हापासून आमची जोडी. त्या काळी तिकिटं रंगीत कागदाची असायची. महिपती तिकीट फाडायचा, मी भोक पाडायचो. गर्दीत तो ओरडायचा नाही. दांडीवर मला टक टक वाजवायचा, की लोकांचे हात आपोआप खिशात जायचे. महाड ते पोलादपूर, पोलादपूर ते कुडपण. वर चढताना गाडी धापा टाकायची, खाली उतरताना सगळ्यांची नारळाची पोती पुढे घसरायची.

गाडीत एक दोरी होती. तिच्या टोकाला ड्रायव्हरजवळ घंटी. एकदा ओढली की थांबा. दोनदा ओढली की चला. सिंगल बेल, डबल बेल. कंडक्टर आणि ड्रायव्हर यांची भाषा एवढीच, आणि तेवढी पुरायची.

महिपतीची खरी हुशारी वेगळीच होती. माणूस त्याच्या गाडीतून उतरला तरी महिपतीच्या डोक्यातून उतरत नसे. त्याला पुढे कुठे जायचंय, गाडी कुठली मिळेल, हे महिपतीला पाठ. कोणी विचारलं, महाबळेश्वरला कसं जाऊ, की हा सांगायचा, "पोलादपूरला उतर. स्टँडात जाऊ नको, ती आत येत नाय. फाट्यावर उभा ऱ्हा. पावणेदहाची हाय. ती चुकली तर सव्वाबाराची. ती पन चुकली, तर माझ्या घरी ये जेवायला."

नेहमी तीन गोष्टी. आपली गाडी, ती चुकली तर पुढची, आणि शेवटची.

एक वाईट आठवणही आहे. सांगतोच, लपवून काय करायचंय. एकदा चंपाबाई नावाची म्हातारी कुडपणच्या वाटेवर उतरत होती. एक पाय पायरीवर, एक हवेत. महिपतीला वाटलं ती उतरली. त्याने डबल बेल मारली. गाडी हलली, म्हातारी पडली आणि गुडघा फुटला. महिपती तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला, महिनाभर दर रविवारी तिच्या घरी जात राहिला. ती त्याला काही बोलली नाही. तोच स्वतःला बोलत राहिला. त्यानंतर अठरा वर्षं नोकरी केली त्याने, पण माणसाचे दोन्ही पाय जमिनीला लागलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोरीला हात लावला नाही.

मग बटणांचं मशीन आलं. तिकीट आपोआप छापून बाहेर. मला काम उरलं नाही. महिपतीने मला घरी आणलं आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवलं. तिथे मी गंजलो. दोन पावसाळे मुंग्यांनी माझ्या तोंडात संसार केला. एक दिवस त्याच्या बायकोने, ठकूबाईने, मला शोधून काढलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना भोकं पाडून ती त्यात मिरचीची रोपं लावायची. पोलादपूरच्या तिकिटांना भोकं पाडणारा मी, पिशव्यांना पाडायला लागलो. कमीपणा वाटला सुरुवातीला. पण खरं सांगू, मित्रांनो? डब्यात पडण्यापेक्षा ते बरं होतं.

महिपती रिटायर झाला. त्यांची मुलगी तेजश्री नर्स झाली आणि जर्मनीला गेली. तिथल्या एका खेड्यात राहते, नाव ओबरहाझल. यंदा तिला दिवस गेले. दिवाळीला बाळ येणार, आणि आईने जवळ असावं असं तिला वाटत होतं. तिकिटं काढली, व्हिसा झाला. आणि निघायच्या दहा दिवस आधी अडचण आली. डॉक्टरने तेजश्रीला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. जावई यशराज, त्याला त्या शनिवारी सुट्टी नाही. म्हणजे विमानतळावर न्यायला कोणीच येणार नाही. विमानतळ ते ओबरहाझल, दोन गाड्या आणि एक बस, हे दोघांनी आपलं आपण गाठायचं.

तेजश्री फोनवर रडकुंडीला आली. म्हणाली, तारीख पुढे ढकलू. महिपती म्हणाला, "अगो, अठ्ठावीस वर्षं लोकांना पोचवलं मी. आमाला दोघांना नाय पोचवणार?"

मागून ठकूबाईने ऐकवलं, "ते उभ्यानं गेले सगळीकडं. तिकीट कधी काढलं नाय जल्मात. यांना पॅसेंजर व्हायला जमतंय का ते बघ आधी."

ती थट्टा करत होती, पण घाबरलेलीही होती. तिचा गुडघा दुखतो. परक्या मुलखात पळापळ झाली तर काय, हीच तिची भीती.

महिपतीने वही घेतली. आठ दिवस रोज संध्याकाळी फोन. त्याचे प्रश्न ऐकून तेजश्रीला हसू यायचं. गाडी स्टँडात आत येते की बाहेरच्या रस्त्यावर थांबते? चुकली तर पुढची किती वाजता? शेवटची कधी? तिने सांगितलं, शनिवारी ओबरहाझलची शेवटची बस पाच दहाला. ती गेली की रविवारी बसच नाही, थेट सोमवारी. महिपतीने ती वेळ लिहून तिच्याभोवती गोल केला.

तिने अजून एक सांगितलं. बसमध्ये कंडक्टर नसतो. उतरायचं असेल तर आधी लाल बटण दाबायचं. नाही दाबलं आणि थांब्यावर कोणी नसलं, तर बस थांबत नाही, सरळ निघून जाते.

"कंडक्टरच नाय?" महिपतीने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा आवाज जरा बारीक होता.

मग त्याने एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला. त्यावर पाच चौकोन आखले. विमानतळ. जमिनीखालचं स्टेशन. फ्रँकफर्टचं मोठं स्टेशन. फुल्डा. ओबरहाझल. प्रत्येकाखाली गाडीच्या तीन वेळा, शेवटच्या वेळेभोवती गोल. नावं मराठीत लिहिली आणि खाली तिकडची अक्षरं, चित्र काढावं तशी, एकेक बघून उतरवली. कोपऱ्यात लिहिलं, तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, थांबा आपल्या सवयीच्या समोरच्या बाजूला. आणि शेवटी माझ्या तोंडात शिलाई मशीनचं तेल सोडलं. मी पुन्हा बोलायला लागलो.

ठकूबाई म्हणाली, याला कशाला? महिपती म्हणाला, टप्पा झाला की भोक पाडायला नको?

विमानातलं मी काही सांगू शकत नाही. मला कपड्यांच्या बॅगेत घालून विमानाच्या पोटात टाकलं होतं. ढग वगैरे दुसऱ्या कोणाला विचारा.

विमान दीड तास उशिरा उतरलं. बॅगा यायला अजून एक तास. मग महिपतीने मला बाहेर काढलं. फोन लागत नव्हता. ठकूबाई बॅगेवर बसली होती आणि गुडघा चोळत होती. तीन दहाची बस धरायची होती, ती केव्हाच हातची गेली होती.

"आता वो?" ठकूबाई म्हणाली.

महिपतीने पुठ्ठा काढला. पहिली वेळ खोडली. दुसरी वेळही खोडली. गोल केलेली तेवढी राहिली, पाच दहा. त्याने पहिल्या चौकोनावर मला ठेवून दाबलं. टक. आणि मी बघितलं, मित्रांनो, त्या आवाजासरशी त्याचे खांदे खाली आले. आता तो नोकरीवर होता.

जमिनीखालच्या स्टेशनात दोन फलाट. कुठला आपला? वर्दीतला एक माणूस दिसला. महिपतीने पुठ्ठा पुढे केला आणि चित्रासारख्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्या माणसाने पुठ्ठा उलटा सुलटा करून पाहिला, हसला आणि हाताने दाखवलं. टक. मोठ्या स्टेशनात फुल्डाच्या गाडीला नऊ मिनिटं होती. महिपती पळाला नाही. ठकूबाईच्या पावलाने चालला. गाडी मिळाली. टक. फुल्डाला उतरले तेव्हा पाच वाजायला एक मिनिट कमी होतं. थांबा समोरच्या बाजूला, लिहिल्याप्रमाणे. टक.

बस आली. चालवणारी बाई होती, पांढऱ्या केसांची. तिने तिकिटाचा छापलेला कागद पाहिला आणि मान हलवली. महिपतीची नजर सगळ्या बसवर फिरली. दोरी नाही. घंटी नाही. दांड्या मात्र होत्या. त्याने एकीवर हात ठेवला आणि उभाच राहिला. ठकूबाईने सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

बाहेर हिरवे डोंगर. ठकूबाई म्हणाली, कुडपणसारखंच हाय की. महिपतीला बघायला वेळ नव्हता. पडद्यावर पुढच्या थांब्याचं नाव यायचं आणि तो पुठ्ठ्याशी अक्षर अक्षर जुळवायचा. अर्ध्या तासाने जुळलं. ओबरहाझल.

ठकूबाई लगेच उठली. गुडघ्यामुळे तिला वेळ लागतो, म्हणून आधीच दाराशी जाऊन उभी राहिली. महिपतीने लाल बटण दाबलं. टिंग. बस मात्र त्याच वेगात. थांबा अजून लांब होता, पण ते त्याला काय माहीत. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा दाबलं.

आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

दोनदा. डबल बेल. ठकूबाई दारात, एका हातात पिशवी, दुखऱ्या गुडघ्यावर उभी. आणि त्याने ड्रायव्हरला चला सांगितलं होतं. मी त्याच्या मुठीत होतो. ती मूठ मला चांगली ओळखीची. चंपाबाई पडली त्या दिवशी ती अशीच आवळली होती.

"थांबव गो बाय! सिंगल हाय, सिंगल!" महिपती पोलादपूरच्या आवाजात ओरडला.

सगळी बस वळून बघायला लागली. त्या बाईने आरशातून पाहिलं आणि एक हात वर केला, शांतपणे, आपला ड्रायव्हर करतो तसाच. बस थांबली. दार उघडलं. आणि मग, मित्रांनो, बस वाकली. खरंच सांगतो. फुस्स करून दाराकडची बाजू खाली झाली, पायरी पार फुटपाथला टेकली. ठकूबाई ओटीवरून अंगणात उतरावं तशी उतरली. एक पाय, मग दुसरा.

महिपती बॅगा घेऊन मागून उतरला. समोर तेजश्री उभी, पोटावर हात ठेवून, डोळे भरलेले. ठकूबाईने तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरूनच नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? तुमची गाडी अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी वाकली का?"

बस अजून उभी होती. ती बाई आरशात बघत होती, सगळे नीट उतरले ना म्हणून. महिपतीने खाली पाहिलं. ठकूबाईचे दोन्ही पाय जमिनीवर. स्वतःचेही. मग त्याने मला उचललं आणि थांब्याच्या लोखंडी खांबावर वाजवलं.

टक टक.

ती बाई हसली. दार लागलं, बस सरळ झाली आणि गेली.

शेवटचं भोक तेजश्रीने पाडलं. तो पुठ्ठा आता तिच्या फ्रीजवर लावलाय. मी परत आलोय पोलादपूरला, मिरचीच्या रोपांच्या हंगामाला. बाळ मुलगी आहे, ईरा. पुढच्या वर्षी ती इकडे येणार, आणि महिपतीची वही आत्तापासून उघडली आहे. मुंबईला उतरल्यावर कुठली गाडी, चुकली तर पुढची, आणि शेवटची.

एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखं काही गंजत पडलं असेल तर त्याला थेंबभर तेल द्या. आणि कोणी म्हातारं माणूस तुमच्या आधी गाडीतून उतरत असेल, तर त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत थांबा. मग खुशाल डबल बेल मारा.