चेहरा दिसला तरच हजर

बिश्केकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे मेदेरबेक सर माणूस म्हणून लाख चांगले, पण हजेरीच्या बाबतीत महाखडूस. साथीमुळे वर्ग ऑनलाइन झाले, परदेशी मुलं आपापल्या देशांत परतली आणि सरांनी फर्मान काढलं : कॅमेऱ्यात चेहरा दिसला तरच हजर. दहा गैरहजेऱ्या झाल्या की परीक्षा विसरा!

ताजिकिस्तानातल्या डोंगराळ वांज खोऱ्यात घरी गेलेल्या नोझनीनच्या मे संपेपर्यंत नऊ भरल्या होत्या. आणखी एक, की वर्ष वाया.

"अगाय, कॅमेरा लावला की आवाज तुटतो हो," ती काकुळतीला येऊन म्हणायची. सगळे विद्यार्थी सरांना अगायच म्हणत.

"आवाज कुणी मागितलाय? तोंड दाखव!"

एकदा तिने दाखवलं. नेमकी जांभई देताना चित्र अडकलं आणि तासभर सर त्या उघड्या तोंडाला शिकवत राहिले. त्या दिवशी ती हजर! दुसऱ्या दिवशी कॅमेरा बंद ठेवून तिने प्रत्येक प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं. त्या दिवशी गैरहजर.

जून उजाडला. वर्ग ऑनलाइनच आहेत, तर शहरात उकडून कशाला घ्यायचं? घोडीच्या दुधाचा आंबूस कुमीस पिऊन पोटाला वर्षभराची ताकद द्यायला सर डोंगरावरच्या कुरणात, आईच्या तंबूत दाखल झाले.

तंबूत नेट नव्हतं. उतारावर उभं राहिलं तर एक काडी, घोड्यावर बसलं तर दोन! सर घोड्यावर चढले, लगाम आईच्या हाती दिला आणि हृदयाच्या झडपांवर व्याख्यान सुरू केलं. घोडा चरू लागला. मुलांना कधी आभाळ दिसे, कधी घोड्याचा कान. शेवटी चित्र पार अडकलं. सरांनी निमूट कॅमेरा बंद केला आणि नुसत्या आवाजावर तास संपवला.

मग हजेरी.

"हजर, अगाय!" नोझनीनचा आवाज आला. चेहरा नाही. सरांचं बोट दहाव्या फुलीकडे सरकलं.

"काय करतोयस रे?" खालून बुरुलचा अपांनी, म्हणजे आईने विचारलं.

"गैरहजेरी लावतोय, अपा."

"अरे, बोलली ना ती आत्ता!"

"चेहरा दिसत नाही तिचा."

"मग तुझा कुठे दिसतोय त्यांना? धुकं उतरलं की मी मेंढ्यांची तोंडं बघत बसते होय? कान देऊन ऐकते. जिचा आवाज आला, ती आली."

"अपा, हे महाविद्यालय आहे. इथे नियम असतात!"

"असू देत की. मग पहिली फुली स्वतःच्या नावापुढे मार, पोरा. मग त्या लेकीच्या."

तेवढ्यात घोड्याला पलीकडे कोवळं गवत दिसलं. अपांना ओढतच तो खाली निघाला आणि नेट गायब! "थांब! अरे थांब, गाढवा!" सर ओरडत राहिले. घोड्याने मनसोक्त चरून घेतलं. पंधरा मिनिटांनी ते पुन्हा वर पोचले. सरांना वाटलं, एव्हाना पोरं पसार झाली असतील.

एकही गेलं नव्हतं.

"अगाय, आलात?" नोझनीन म्हणाली. "आम्ही थांबलोय. डोंगरात असं होतंच. सावकाश घ्या."

सरांचा चेहरा लाजेने लाल झाला. बरं झालं, कॅमेरा बंद होता!

"नोझनीन, तू हजर आहेस," ते म्हणाले. "आणि ज्या ज्या दिवशी तू उत्तरं दिलीस, त्या सगळ्या दिवशी हजर होतीस. चूक माझी होती. कोणाचा कॅमेरा चालत नसेल, त्याने नुसती हाकेला ओ द्यावी."

नोझनीन परीक्षेला बसली.

वाचकहो, नियम करणं सोपं असतं, कारण तो करताना आपण भक्कम जागी बसलेलो असतो. दूर देशातलं लेकरू अर्ध्या तुटक्या आवाजात आपल्यापर्यंत पोचायची धडपड करत असेल, तर आधी त्याचं ऐकून घेऊ या. आपलं नेट गेलं, तेव्हा तेही आपल्यासाठी थांबलं होतं.