दादी बसत नाही

"एवढ्या मोठ्या वाक्याला धाप लागंल की गं," मन्मथ सर म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

समोर आठवीतली उमैमा उभी होती. तिचा इंग्रजी निबंध दुपारच्या गाडीने भोकरहून नांदेडच्या स्पर्धेला जायचा होता. या शाळेतून पहिल्यांदाच कुणाची निवड झाली होती, त्यामुळे घोर तिच्यापेक्षा सरांनाच जास्त. निबंध आजीवर होता आणि अख्ख्या निबंधात वाक्य एकच. दादी गेटिंग अप अँड लाइटिंग चुला अँड मेकिंग टी अँड गिव्हिंग रोटी टू गोट अँड शाउटिंग मी... असं ते रात्रीपर्यंत गेलं होतं.

"घरी कसं बोलता तुम्ही?"

"उठको, चुला सुलगाको, चाय बनाको..." बोलता बोलता तिलाच हसू आलं.

"तेच तर! आपलं उठून, करून, देऊन इंग्रजीत चालत नसतं. एक काम, एक वाक्य, फुलस्टॉप."

सर उभी हयात हेच शिकवत आले होते. पोरं पाठीमागे त्यांना फुलस्टॉप सरच म्हणायची आणि सरांना ते मनातून आवडायचं. त्यांनी भराभर ठिपके दिले. दादी गेट्स अप. शी लाइट्स द चुला. शी मेक्स टी. चूक म्हणून उरली नाही.

उमैमाने वाचलं आणि तोंड पाडलं.

"काय झालं? चुकलं का काही?"

"न्हाई सर, बरोबर हाय. पण दादी सारखी बसू लागली."

"बसू लागली?"

"हाव. दर ठिपक्याला. आमची दादी दिवसभर बसतच न्हाई."

सर हसले, आणि हसता हसता त्यांना बायको आठवली. त्यांच्या कस्तुराबाई अशाच बोलायच्या. "सडा टाकून, पाणी भरून, तुमचा डबा करून मंग मी देवळात जाऊन..." भाकरी थापताना सुरू झालेलं वाक्य धुणं वाळत घातलं तरी संपायचं नाही. सर पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "कस्तुरा, फुलस्टॉप!" त्या हसायच्या आणि "आन्" म्हणून पुढे चालू. गेल्या वर्षी दवाखान्यात शेवटी शेवटी मात्र त्या तुटक बोलू लागल्या. पाणी द्या. पंखा लावा. जेवलात का? छोटी, बिनचूक वाक्यं. एकदा तरी हिने "आन्" म्हणावं, असं त्यांना वाटत राहिलं. ते राहूनच गेलं.

"सर, गाडी जाईल."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिही परत. गेटिंगचं गेट्स कर, लाइटिंगचं लाइट्स. अँड सगळे राहू दे."

"नंबर येईल का मंग?"

"ते काही सांगता येत नाही. पण दादी तुझीच राहील."

उमैमा लिहीत गेली. शेवटच्या ओळीत दादी दाराला कडी लावून अंथरुणावर पडत होती. तिथे उमैमाने आपणहून एक ठसठशीत ठिपका दिला.

"इथं बरा दिलास?"

"इथं ती झोपती, सर."

सरांनी तो ठिपका तसाच राहू दिला. मग त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.